एक तांब्या विसण

शब्दकोशात आज एक जुनं इंग्रजी क्रियापद भेटलं, अटेम्पर. अर्थ, काहीतरी मिसळून तीव्रपणा कमी करणे. मूळ लॅटिन, योग्य प्रमाणात मिसळणे. मराठीत याला काय म्हणावं, या विचारात मी पेन चावत बसलो होतो.

तेवढ्यात माझ्या दीड महिन्याच्या नातीला न्हाऊ घालायला शेवंताबाई आल्या. कढत पाण्याच्या बादलीत त्यांनी तांब्याभर गार पाण्याचं विसण घातलं आणि कोपर बुडवून पाहिलं. मग अजून अर्धा तांब्या, आणि पुन्हा कोपर.

"बोटांनी कळत नाही का?" मी विचारलं.

"भांडी घासून निबर झालीत, काका. त्यांना कढतसुद्धा कोमटच लागतं."

आपल्या हातांना काय कळेनासं झालंय, हे या बाईला नेमकं माहीत होतं. मी मात्र जन्मभर बोटांवरच विसंबलो. मला कोमट वाटलेले माझे शब्द किती जणांना पोळले असतील, कोण जाणे.

पहिला तांब्या अंगावर पडला आणि नात रडायची थांबली. मी वहीत त्या इंग्रजी शब्दापुढे लिहिलं, विसण घालणे. आणि खाली, स्वतःसाठी, कोपराने पाहून.