काचेपलीकडचे ओठ

आबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. डोळ्यांच्या दवाखान्यातून आम्हाला रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आमच्या लिंबायतच्या वस्तीतून रिक्षात बसताना आबा खुशीत होते. "पांढऱ्या वाढल्या? मग लालवाल्यांनी संप केला असंल!"

आबांनी तीस वर्षं कापड विणायचे लूम चालवले आणि सुट्टीच्या दिवशी युनियनची पत्रकं वाटली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. 'कामगारापासून काहीही लपवता कामा नये' हे वाक्य मला शाळेत जायच्या आधीपासून लिहिता येत होतं. आता पत्रकं मी लिहिते, आणि माहिती दडवणाऱ्यांना त्यात सोडत नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, आबांना बाहेर बाकावर बसवलं आणि काचेचं दार लावून घेतलं. मग मला हिंदीत सांगितलं, की हा रक्ताचा कॅन्सर असू शकतो, हळूहळू चालणारा. या वयात माणसं तो घेऊन वर्षानुवर्षं जगतात. पण खात्रीसाठी रक्ताची आणखी एक तपासणी हवी. "अभी उनको मत बताना, घबरा जाएंगे."

मी मान डोलावली. होय, मीच.

बाहेर येऊन मी म्हणाले, "थोडं इन्फेक्शन आहे, आबा. अजून एक तपासणी सांगितलीय."

आबांनी चपला घातल्या. "नाही करायची."

"का?"

"इन्फेक्शनला दोनदा कॅन्सर कोण म्हणतं?"

लूमच्या धडधडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. कारागीर एकमेकांचे ओठ वाचतात. आबांचे कान त्या आवाजाने गेले, पण ओठ ते मराठीत, हिंदीत, गुजरातीत, सगळ्यांत वाचतात. म्हणून तर आई आजही त्यांच्याविषयी कुरकुरताना तोंडावर पदर धरते. हे सगळं माहीत असून मी काचेच्या दारावर विसंबले!

कमी ऐकू येणारा माणूस हळू बोलत नाही. रिक्षात आबा गरजत होते, "आजार माझा! मालकाला माहीत, हिला माहीत, कामगारालाच माहीत नाही! माझी पोरगी मालकाच्या बाजूला गेली!" पर्वत पाटियाच्या सिग्नलला रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "काका, कौनसा मालिक?"

दोन दिवस तपासणीचं नाव काढलं, की आबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. ओठ दिसले नाहीत, म्हणजे माझं बोलणंच बंद. कॅन्सरची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. आबा तपासणीला गेलेच नाहीत, तर ते माझ्या खोटेपणामुळे.

तिसऱ्या दिवशी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "चूक तुझी आहे. काढ की पत्रक. सगळ्या जगासाठी काढतेस."

अर्ध्या कागदावर मी 'जाहीर माफी' लिहिली आणि चहाच्या कपाखाली ठेवून त्यांच्यासमोर सरकवली. आबांनी चांगल्या डोळ्याजवळ कागद धरला, पेन मागितलं आणि 'अत्यंत दुःखी अंतःकरणाने' हे शब्द खोडले.

"पत्रकात रडायचं नसतं, माय. किती वेळा सांगितलं?"

मग खाली एक मागणी जोडली, 'यापुढे सर्व बोलणी कामगारासमोर होतील.' सही केली. माझीही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी ते तपासणीसाठी तयार होऊन बसले होते.

आठवड्याने रिपोर्ट आला. आम्ही तिघंही डॉक्टरांच्या केबिनमध्ये. डॉक्टर सवयीने माझ्याकडे बघून बोलायला लागले, तसा आबांनी हात वर केला. "डॉक्टरसाब, इधर देखके बोलो. आवाज की जरूरत नहीं."

डॉक्टर इतके गोंधळले, की खरोखरच आवाज न काढता बोलू लागले. मी त्यांच्या ओठांकडे डोळे फाडून बघत होते. मला एक शब्द कळेना. आणि आबा आमच्यासाठी एकेक वाक्य मोठ्याने सांगत होते, बाहेरच्या बाकांपर्यंत पोचेल असं.

"कॅन्सरच आहे म्हणतात. हळू चालणारा." आईने माझं मनगट धरलं. "आत्ता औषध नको. दर तीन महिन्यांनी रक्त दाखवायचं. ताप आला तर अंगावर काढायचा नाही. वाढला तर गोळ्या आहेत." आबा थांबले, डॉक्टरांकडे नीट बघितलं आणि हसले. "मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या म्हणतात!"

आईचं तोंड पदराआड गेलं होतं. ती काहीतरी पुटपुटली.

"आता लपवायचं नाही, ठरलंय," आबा म्हणाले. "पदर काढ, मग बोल."

आईने पदर खाली घेतला. डोळे ओले होते, पण ती हसत होती.

"मी म्हटलं, एका डोळ्याने एवढं कळतं. दोन्ही नीट झाल्यावर मी तुमची गाऱ्हाणी सांगायची कुठे?"