फाटक्या कोपऱ्याचं आमंत्रण

माझ्या पहिल्या आणि शेवटच्या पंक रॉक कार्यक्रमाला अकरा माणसं आली, आणि सगळी डोक्यावरून अंघोळ करून आली.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. बाबांची चंदीगडला बदली होऊन वर्ष झालं होतं. कॉलेजात पोरं पंजाबीत विनोद करायची आणि मी दोन सेकंद उशिरा हसायचो. मित्र एकही नाही. फार एकटं वाटायचं. अशात लंडनच्या मामेभावाने एक कॅसेट आणि तिथल्या पंकवाल्यांची, म्हणजे बंडखोर रॉक वाजवणाऱ्या पोरांची, हाताने केलेली पत्रकं पाठवली. वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवलेली, कडा फाडलेल्या! ठरलं, आपणही गुप्त कार्यक्रम करायचा. (बँडमध्ये मी एकटाच. गिटार शेजाऱ्यांची, तारा चार.)

पत्ते मात्र आईच्या हळदीकुंकवाच्या यादीतलेच मिळाले. त्या सात मराठी घरांतल्या मुलांच्या नावाने मी पोस्टकार्डं केली. कापलेली इंग्रजी अक्षरं, रविवार, चार वाजता, खाली आमचा पत्ता. आणि बंडखोरी म्हणून प्रत्येकाचा एक कोपरा टरकन फाडला!

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी, हे मला माहीत होतं. ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच. सातही घरांत आयांनी वार, वेळ आणि पत्ता तेवढा पाहिला, कार्ड उंबऱ्याबाहेरच फाडून टाकलं आणि रविवारी मुलांना घरी ठेवून मोठी माणसं आमच्या दारात हजर!

जोशीकाकूंनी आईला मिठीच मारली. "वहिनी, धीर धरा हो!"

"अगं बाई, कशाला?" आईचा चेहरा पांढराफटक. बाबा सिमल्याला दौऱ्यावर होते! "ह्यांना काही झालं का?"

"म्हणजे... तुम्हाला कळवलंच नाही?"

झालं! आई मटकन खाली बसली आणि रडारड सुरू झाली. तेवढ्यात सफरचंदांची पेटी सावरत बाबाच फाटकातून आत आले.

"कोण गेलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कोणी नाही," मी दाराआडून म्हणालो. "माझा कार्यक्रम आहे."

सगळं कळल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "बोलावलंयस ना? मग वाजव आता!"

मी तीन मिनिटं जिवाच्या आकांताने ओरडलो. टाळ्या नाहीत. देशपांडेकाका तेवढे जवळ आले. "बाळा, तुला इथे कोणी मित्र नाही का रे?"

माझे डोळेच भरून आले.

"गुरुवारी आमच्याकडे भजन असतं. येत जा."

अशा रीतीने चंदीगडच्या एकमेव मराठी पंकने पुढची तीन वर्षं झांजा वाजवल्या. आणि सांगायला लाज वाटते, दर गुरुवारी सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंजी मीच घालायचो!