आवाज शून्यावर ठेवून

पुंडलिकनगरातल्या एका गायन क्लासात मी पेटी वाजवतो. गाव माझं चंद्रपूरच्याही पलीकडं. शाळा आठवीत सुटली, भजनी मंडळाची पेटी तेवढी सुटली नाही. गाणारा घसरला की त्याला कळायच्या आत सूर सावरून द्यायचा, हे काम मला येतं. मालक मात्र मुलांसमोर म्हणतात, "आमचे पेटीमास्तर. जुना माल." मुलं हसतात. मीही हसतो. ही नोकरी गेली तर या शहरात दुसऱ्या कुणाचं दार ठोठावू, हे मला माहीत नाही.

क्लासात डिजिटल पियानो आला. मालक म्हणाले, वार्षिक कार्यक्रमात तुम्हीच वाजवा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. छावणी भागात एक वयस्कर बाई राहतात, चर्चमध्ये आयुष्यभर पियानो वाजवलेल्या. त्यांनी मला फुकट शिकवलं. चार पानांची अवघड रचना, आठ महिने. मला नोटेशन वाचता येईना, तर त्या एकेक ओळ वाजवून कानात घालत. पेटीवाल्याचा डावा हात भात्याचा. उजवा सुरांवर धावू लागला की डावा आपोआप हवा भरायला निघे. डावा एकटा वाजावा म्हणून बाई माझा उजवा हात मांडीखाली दाबून बसवत आणि म्हणत, "कान तयार आहे तुमचा. तो बाजारात मिळत नाही. हात शिकेल." इतकं चांगलं मला शाळेतसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यामागं मालकांनी पियानोचा आवाज शून्यावर नेला.

"ट्रॅक लावतो. तुम्ही निस्ते हात फिरवा."

"सर, मला येतं सगळं."

"येत आसन हो. पण चुकलात तर? व्हिडिओ टाकायचाय आपल्याला. पब्लिकला काय कळतंय? लई टेन्शन घेता राव तुम्ही."

पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या, मीच बोलावलेल्या. अंगाचा जाळ झाला. तरी तोंडातून निघालं, "व्हय." त्या एका शब्दासाठी मला मालकांपेक्षा माझाच राग जास्त आहे.

ट्रॅक सुरू झाला. मी हात फिरवले नाहीत, वाजवलं. मुक्या पट्ट्यांवर चारही पानं वाजवली. टाळ्या पडल्या, कुणा भलत्याच्याच हाताला.

बाहेर बाई चपला शोधत होत्या. मी मान खाली घालून उभा राहिलो.

"तिसऱ्या पानावर डावा मागं पडला," त्या म्हणाल्या.

"बाई, तो आवाज माझा नव्हता."

"कळलं मला. म्हणून हातच बघत होते."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासात जाऊन मालकांना सांगितलं, पुढच्या खेपेला चुकलो तरी माझंच वाजेल, नाहीतर दुसरा माणूस बघा. मालक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "बघू." व्हिडिओखाली माझ्या बोटांचं कौतुक चाललं होतं.