मुसकं

मिस्त्रींचं तोंड कधी बंद नसे. टायर खोलताना ते बोलत, हवा भरताना गात, आणि गिऱ्हाईक नसलं की रस्त्याने जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांना नावानिशी हाका मारत. पांढरकवड्याला हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं, दुकानामागेच घर. दिवसभर शाळेत पोरांना 'गप्प बसा' म्हणून दमलेला मी संध्याकाळी तिथे टेकायला जाई, तर तिथेही तोच गलका. 'मानसाचं तोंड उघडंच पायजे, गुरुजी,' ते म्हणत. 'बंद तोंडाले जंग लागते.' या माणसावर मी अजून चिडलेलो आहे. त्यांना जाऊन वर्षं झाली, तरी राग उतरत नाही.

त्याचं मूळ माझ्या मोटारीत आहे. साठ-एकसष्ट साली मला मोटारीची हौस सुटली. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं घरचे सांगत होते. मी ऐकलं नाही. एका जंगल ठेकेदाराची मोडकी मोटार मोहाच्या झाडाखाली कित्येक वर्षं उभी होती, ती मी ओढत आणली. मडगार्ड, बंपर, चाकांच्या रिमा, सगळ्यांवर गंजाचे पापुद्रे. नागपूरला रेतीचा फवारा मारून गंज काढतात असं ऐकलं होतं, पण ते मास्तराच्या पगारात बसणारं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, 'नागपूरले कायले जाता जी? नदीत रेती हाये, टाकीत हवा हाये. अजून का पायजे?'

विकत काही आणायचं नाही, हा त्यांचा हट्ट. वनस्पती तुपाचा रिकामा डबा त्यांनी अंगणात उलटा टांगला आणि त्याच्या तोंडाशी रबरी नळी बसवली. दुकानातल्या टाकीची हवा दुसऱ्या नळीने आणली, आणि दोन्ही नळ्या एका पितळी तोटीत जोडल्या. हवा सुटली की ती रेती ओढून घेई आणि फवारा लोखंडावर जाऊन आदळे. पण रेतीने दोन दिवसांत पितळच खाल्लं. तेव्हा मिस्त्रींनी इंजिनाचा जुना प्लग फोडला आणि त्यातली चिनी मातीची पोकळ नळी टोकाला बसवली. ती टिकली. 'रेती सगळ्याले खाते, गुरुजी. याले नाही खात,' ते कौतुकाने म्हणाले. गावाजवळच्या खुनी नावाच्या नदीची रेती त्यांची बायको गयाबाई उन्हात वाळवून पिठाच्या चाळणीने चाळून देई. फवाऱ्याभोवती पोत्यांचा आडोसा असे. खाली सांडलेली रेती गोळा करून पुन्हा डब्यात. तीच रेती दहा-दहा वेळा फिरे आणि पार पिठासारखी होई. नदी हाकेच्या अंतरावर होती, नवी रेती फुकट होती, तरी मिस्त्रींचं आपलं 'चालते न अजून!' त्या शब्दांनी माझं डोकं आजही फिरतं.

पहिल्या दिवशी गयाबाईने जुन्या लुगड्याचं फडकं त्यांच्या नाकातोंडाला बांधलं होतं. मिस्त्रींनी ते मुकाट बांधून घेतलं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. बडबड्या माणसाचं तोंड बंद झालेलं पाहून मला गंमत वाटली. मी म्हणालो, 'वा मिस्त्री, आज बरं मुसकं बांधलं तुम्हाला!'

त्यांनी हवा बंद केली. फडकं सोडलं, त्याची घडी घातली आणि गयाबाईच्या हातात दिली. 'मुसकं बैलाले बांधते, गुरुजी,' एवढंच म्हणाले, आणि उघड्या तोंडाने पुन्हा कामाला लागले. मी तेव्हा काय करत होतो ते नीट आठवत नाही. बहुतेक हसतच होतो.

आठवड्याने गयाबाईने मला सांगितलं. 'माह्या सासऱ्याले पाटील खळ्यावर शेंगा तोडाले बसवे, तं तोंडाले फडकं बांधे जी. एक बी शेंग पोटात जाऊ नये म्हनून. यायनं लहानपनी आपल्या डोयानं पाह्यलं. छप्पन साली दीक्षा घेऊन आले, तवाच बोलले होते, आता माह्या तोंडाले कोनी मुसकं बांधून दाखवा म्हनून.' माझ्या काकांच्याही खळ्यावर भुईमूग तोडणाऱ्या बायांच्या तोंडाला फडकी असत. 'धुळीसाठी बांधतात,' असं काकांनी मला सांगितलं होतं. मी एवढा शिकला-सवरलेला माणूस, तेच खरं मानून बसलो होतो.

मी मिस्त्रींची माफी मागितली. 'असू द्या जी, तुमच्या मनात नव्हतं,' म्हणून ते हसले. माफी दिली, पण फडकं काही बांधलं नाही. माझी मोटार लखलखीत निघाली. ती पाहून वणी-घाटंजीपासून लोक गंजके भाग घेऊन येऊ लागले, आणि चार-पाच वर्षं त्या अंगणात पांढरी धूळ उडत राहिली. आत मिस्त्री गात असत. मी रुमाल नेले, दवाखान्यातली पट्टी नेली. शेवटी एकदा अंगणात उभा राहून ओरडलो, 'अहो, ही धूळ आहे, पाटील नाही! तिला तुमचा मान-अपमान कळत नाही!'

'तिले नाही समजत,' ते म्हणाले. 'मले समजते न.'

मग खोकला लागला. यवतमाळच्या एका डॉक्टरने काम काय करता हेसुद्धा न विचारता क्षय ठरवला आणि सुया टोचत राहिला. सहा महिन्यांनी दुसऱ्याने विचारलं. तो म्हणाला, रेती फुप्फुसात बसली आहे, आता निघायची नाही. फडक्याने सगळी अडली नसती, पण काही वर्षं मिळाली असती. ती वर्षं कुणी खाल्ली? पाटलाने खाल्ली, माझ्या काकांसारख्यांनी खाल्ली, मिस्त्रींच्या हट्टाने खाल्ली. आणि माझ्या एका शब्दाने. मला दुसरा शब्द सुचला असता तर?

गावात मात्र पहिल्या डॉक्टरचाच शब्द पसरला होता. लोक दुकानासमोरून नाक धरून जात. शेवटचं भेटायला निघालो तेव्हा बायकोने माझ्या हातात रुमाल कोंबला. हा क्षय नाही, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मिस्त्रींच्या दारासमोर चार लोक बघत उभे होते, म्हणून मी तो तोंडाला बांधला आणि आत गेलो.

मिस्त्री खाटेवर टेकून बसले होते. एका वाक्याला त्यांना दोनदा थांबावं लागे. माझ्या तोंडावरच्या रुमालाकडे त्यांनी पाहिलं.

'गुरुजी,' ते म्हणाले, आणि दम घेतला. 'तुमाले कोनं बांधलं जी मुसकं?'

मी गाठ सोडायला हात मागे नेला. घाईत ती घट्ट बसली होती. शेवटी गयाबाईने येऊन सोडली.