कडीला बांधलेली चिंधी

हे मी आजवर कुणाला बोलले न्हाई. नवऱ्याला न्हाई, बहिणीला न्हाई. आईला सांगायला पाहिजे होतं, तर ती गेली. तुम्हाला सांगायलेय, कारण तुम्ही मला ओळखत न्हाई — आणि ओळखत असलात तरी आता काय?

चिटगुप्प्यात आमचं समुपदेशन केंद्र आहे. दोन खोल्या, एक पंखा, तोही मनात आलं तर फिरतो. रानोमाळ मेंढरं हिंडवणारी माणसं, कागदावर ज्यांना आदिवासी लिहितात, त्यांच्या घरात भांडण असो, दारू असो, शाळा सुटलेलं लेकरू असो, आम्ही जातो, बसतो, ऐकतो. लेकरू सुरक्षित राहावं आणि आपल्या माणसांत राहावं, एवढंच आमचं काम. लोक म्हणतात, अक्का, तुमच्या जिभेवर साखर हाय. असंल. पण जिथं ही जीभ उचलायची होती, तिथं ती टाळ्याला चिकटली.

आधी एक सांगते, सगळी गाठ तिथंच आहे. माझं माहेर कमलनगरकडचं. केंद्रात मी सांगितलंय, वडील शेतकरी. शेत होतं — दोन एकर, निव्वळ खडक. पण वडील त्यात किती दिवस असायचे? दिवाळी झाली की आईला घेऊन मेंढरांमागं निघायचे, ते थेट उन्हाळा सरता सरता परत. लग्नानं आडनाव बदललं, साफ बोलणं मी शिकून घेतलं, संपलं. चहाच्या वेळी कुणी ‘मेंढरंवाल्यांना काय कळतंय’ म्हणून हसलं, की मीही हसायचे. व्हय, हसायचे.

दहा वर्षं झाली असतील. हिवाळ्यात दुबलगुंडीजवळच्या एका वस्तीवरून तक्रार आली — नऊ वर्षांची पोर घरात एकटी, आईबापाचा पत्ता न्हाई. मी गेले. पोरीचं नाव रत्ना. घराला कुलूप नव्हतं, दाराच्या कडीला काळ्या घोंगडीची चिंधी बांधलेली. शेजारी शांतक्का नावाची म्हातारी चुलीपुढं बसली होती आणि रत्ना तिच्याच ताटात भाकर चुरत होती. म्हातारी म्हणाली, “हिची आई, महादेवी, पोर माझ्याकडं सोपवून गेलीय, अक्का. ती चिंधी बघा की.”

मी काय बघणार? तसलीच चिंधी माझी आई आमच्या कडीला बांधायची. आमच्या माणसांत बाई मेंढरांमागं निघाली, की आपल्या पांघरायच्या घोंगडीचा काठ फाडते. एक तुकडा कडीला, दुसरा शेजारणीच्या हातात. तिथून पुढं लेकराचं खाणं, निजणं, दुखणं-खुपणं सगळं त्या शेजारणीच्या गळ्यात, आणि अख्खी वस्ती त्याला साक्षीदार. मी स्वतः चार हिवाळे तशीच वाढले, शेजारच्या म्हातारीच्या कुशीत निजून. कधी उपाशी झोपले न्हाई.

आणि अहवालात मी काय लिहिलं? ‘मुलगी शेजारणीकडे जेवते, असे शेजारीण सांगते.’ बास. चिंधीचा एक शब्द न्हाई.

मग बिदरला बालकल्याण समितीपुढं बसणं आलं. शांतक्का आली होती, तो तुकडा पदराच्या गाठीत बांधून. गाठ सोडून तिनं तो टेबलावर ठेवला. समितीतल्या बाई वाईट नव्हत्या, उलट मायाळू. त्यांनी मला विचारलं — इतकी वर्षं या लोकांत काम करता, अशी काही रीत आहे का? एवढाच प्रश्न. नुसतं व्हय म्हणायचं होतं. पण त्याच्यामागून दुसरा प्रश्न आला असता ना — तुम्हाला कसं ठाऊक? आणि माझ्या शेजारी केंद्रातली दोघं बसली होती. तीच, चहाला हसणारी.

मी म्हणाले, “माझ्या ऐकण्यात न्हाई.”

शांतक्कानं माझ्याकडं बघितलं. तुकडा उचलला आणि परत पदराला बांधला.

रत्नाला बालगृहात नेलं. तिचे आईबाप कलबुर्गीकडच्या रानात, निरोप पोचायलाच आठ दिवस गेले. महादेवी अनवाणी केंद्रात आली आणि माझा हात धरून ‘कामून नेलं, अक्का, कामून नेलं’ एवढंच विचारत राहिली. सात महिने लागले. अर्ज मीच लिहिले, खेटे मीच घातले, पोरीला घरी मीच आणलं. सगळे म्हणाले, अक्कानं जिवाचं रान केलं. केलं की! घर पेटवून पाणी आणायला पळणारीला काय म्हणतात हो?

पोर परत आली, पण शांतक्काकडं जाईना. म्हातारीनंच आपल्याला देऊन टाकलं, असं तिच्या मनात बसलं होतं. शांतक्का भाकर घेऊन दारात यायची, ही आत पळायची. तो समज काढायला माझं एक वाक्य पुरलं असतं. दोन वर्षांनी म्हातारी गेली. मी मातीला गेले होते. महादेवी मेंढरांमागं जायची बंद झाली, आणि साधं बाजाराला निघाली तरी ती दाराला कुलूप घालते. मला तिनं घोंगडी दिली, आपल्या मेंढरांच्या लोकरीची. मी ती घेतली. लाज वाटली, तरी घेतली.

गेल्या महिन्यात रत्ना केंद्रात आली होती. कॉलेजात जायलीय आता. बसता बसता म्हणाली, “अक्का, आई म्हणायलीय, तवा तुम्हाला चिंधीचं ठाऊक असतं तर मला नेलंच नसतं. व्हय का?” मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. तेवढ्यात तीच म्हणाली, “जाऊ द्या. तुमच्या लोकांत नसतंय ना असलं. तुम्हाला कसं कळणार?”

खोलीत आम्ही दोघीच होतो. हसणारं कुणी नव्हतं. माझं काही जाणार नव्हतं.

मी म्हणाले, “न्हाई गं. आमच्यात नसतंय.”

ती माझ्या पाया पडली, आणि साडेचारच्या बसनं घरी गेली.