वासनिककाकांचा चढ

सायकलवर बसण्याआधी वासनिककाका दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघत आणि मग माझ्याकडे संशयाने पाहत. हवा कमी भरली, तर ती मीच सोडली असणार, असा एकूण भाव. जवाहरनगरच्या कारखान्यात ते निवृत्तीला आले होते. मी त्यांच्याच खात्यातला नवखा, त्यांच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहणारा. दर रविवारी आम्ही सायकलने अड्याळपर्यंत जायचो.

रस्ता बदलायचा नाही, हा त्यांचा नियम. "वळखीच्या रस्त्यावरच माणसाले आपला दम समजते. नव्या रस्त्यावर सारे बहाणे चालतेत." बाकी त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. मोबाइल वेग दाखवायचा, तर म्हणत, "खुश करून राहिला तो मले." भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाल्यापासून मैलाच्या दगडांवरही भरवसा उरला नव्हता. "जिल्हा तोडला, मंग दगडं कायले जागेवर ठेवतीन?" त्यांचं माप एकच. अड्याळच्या अलीकडचा लांब चढ माझ्याशी बोलत बोलत पार झाला पाहिजे.

एका हिवाळ्यात त्यांचं बोलणं चढाच्या मध्येच तुटू लागलं. आधी त्यांनी वाऱ्याला दोषी धरलं, मग चेनला, शेवटी मला. "तुही गाडी हलकी हाय. दे इकडं." आम्ही सायकली बदलल्या. तरी अर्ध्यावर ते गप्पच झाले. वर पोचल्यावर हँडलवर कपाळ टेकून बराच वेळ उभे राहिले.

"वारा नाई, गाडी नाई," ते म्हणाले. "आता मीच उरलो."

भंडाऱ्यात एका डॉक्टरांनी छातीची ईसीजी पट्टी काढली आणि वयाचा दोष आहे, म्हणून परत पाठवलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. काकांचा नाही. "पट्टीवर सारं बरोबर हाय, तं चढावर काहून नाई?" असं म्हणत ते हट्टाने नागपूरला गेले. तिथे हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या निघाल्या. त्यांना घरीही येऊ दिलं नाही, लगेच ऑपरेशन केलं.

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर ते पुन्हा त्याच रस्त्यावर आले. चढ लागला. मी मुद्दाम मागे राहिलो, त्यांच्या पाठीवर नजर ठेवून. ते अर्ध्यातच उतरले.

"काहून मांगं राहिला? मले जिंकवून राहिला का?"

"नाही काका."

"मंग?"

"भीती वाटते," मी म्हणालो. "तुम्ही पडलात तर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत पहिल्यांदाच संशय नव्हता.

"भे ना बाप्पा, खुशाल भे," ते म्हणाले. "पर पुढं जाऊन भे. तू मांगं राहिला, तं मले माहा दम कसा समजंल?"

मी पॅडल मारलं. वरपर्यंत वळून पाहिलं नाही. मागून सायकलीची करकर येत होती, आणि तिच्यासोबत, धापा टाकत, पण न तुटता, काकांचं बोलणं.