शून्यवाल्यांचे नंबर

माझ्या एडिटरला ज्यानं हात लावला त्याला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. लोक म्हणतात, अहो, संगणकावरच्या एका फाईलसाठी एवढा राग? हो, एवढाच. ऐका मग.

अब्बा नांदेडला टेलर होते. दुकानातली मोठी कात्री ते सख्ख्या भावालाही देत नसत. "कात्री हाताला बसलेली असते, बेटा," म्हणायचे. लग्न होऊन मी लातूरला आले, एका कोचिंग क्लासच्या संगणक खोलीत नोकरीला लागले, तेव्हा संगणकावर हुकूम लिहायचा प्रोग्राम, तो एडिटर, म्हणजे माझी कात्री होती.

भूकंपाला बरीच वर्षं झाली होती. पत्र्याच्या शेडमधली माणसं नव्या वसाहतींत गेली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड लटकले होते. आमच्याकडे दर रविवारी परीक्षा, सोमवारी सकाळी निकाल. उत्तरपत्रिका स्कॅनर वाचायचा, पुढचा निकाल माझ्या शेल स्क्रिप्ट काढायच्या. शेल स्क्रिप्ट म्हणजे मशीनला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम. लिहायला सोपे, चुकायला त्याहून सोपे. एक कंस उघडा राहिला की बसा बोंबलत.

म्हणून मी तो एडिटर हळूहळू माझ्या हाताला बसवला होता. हुकूम निळे, नावं हिरवी. कंस मिटला नाही की तो लगेच उठून दिसायचा. दोन अक्षरं टाइप केली की नेहमीच्या पाच ओळी आपोआप यायच्या. एक बटण दाबलं की एडिटरमधून बाहेर न पडता स्क्रिप्ट चालायची आणि चूक असेल तर खालीच दिसायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शून्यानं सुरू होणारा कुठलाही आकडा दिसला की तो लालभडक व्हायचा.

हे शून्याचं प्रकरण नीट सांगायला पाहिजे. भूकंपाच्या गावातली काही मुलं क्लासनं मोफत घेतली होती. त्याचा बोर्ड केवढा मोठा, बसस्टँडवरून दिसायचा. पण आत आल्यावर त्या मुलांचे नंबर शून्यानं सुरू करायचे, अशी सरांची पद्धत. सर म्हणजे क्लासचे मालक. का, तर पैसे न भरणारा कोण हे नुसतं बघून कळलं पाहिजे! होस्टेलच्या मेसमध्येसुद्धा नंबर बघून वाढायचे. पोरं त्यांना 'शून्यवाले' म्हणायची. मेहरबानी करायची आणि कपाळावर शिक्का मारायचा, ह्याला दान म्हणतात का हो?

शेलला, म्हणजे हे हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रामला, मात्र असा आकडा चालत नाही. हिशेबात पुढे शून्य दिसलं की शेल तो आकडा आपल्या दहाच्या पद्धतीनं वाचतच नाही, आठाच्या पद्धतीनं वाचतो. आणि त्या पद्धतीत आठ आणि नऊ हे आकडेच नसतात. म्हणजे नंबरात आठ किंवा नऊ आला की ते पोर मशीनच्या लेखी नाहीच. माझ्या स्क्रिप्टमध्ये त्याचा बंदोबस्त केलेला होता, आणि विसरू नये म्हणून तो लाल रंग.

मग पुण्याहून सरांचा भाचा आला. इंजिनिअर. आयत्या बिळावर नागोबा! पहिल्याच दिवशी माझ्या पडद्याकडे बघून हसला. "मॅडम, ही काय रंगपंचमी?" सरही हसले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर एडिटरचे रंग आणि बटणं ठरवणारी माझी फाईल पुसलेली, पांढऱ्यावर काळं, एकसारखं सगळं. निकालाची स्क्रिप्टही त्यानं नव्यानं लिहिली होती आणि तिला हात लावायचा नाही, असं मला बजावलं गेलं. चुकांचे संदेश दिसले की सर घाबरतात, म्हणून ते दिसणारच नाहीत अशी सोयही केली होती पठ्ठ्यानं. दुखतंय म्हणणाऱ्याच्या तोंडात बोळा!

त्या सोमवारी निकाल लागला आणि एक मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. नंबर शून्य एकोणनव्वद. यादीत तिच्यापुढे लिहिलं होतं, गैरहजर. पैसेवाला गैरहजर राहिला की त्याच्या घरी फोन जायचा, तब्येत बरी आहे ना म्हणून. शून्यवाला गैरहजर राहिला की त्याची जागा जायची.

"मॅडम, म्या पेपर दिलाय," ती म्हणाली. "सगळा सोडवलाय. तुमीच इचारा न सरला."

मी विचारलं. भाचा म्हणाला, "संगणक खोटं बोलत नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला! सर म्हणाले, "नियम म्हणजे नियम." गावाकडे निरोप गेलासुद्धा. दुपारी तिची आई आली, मायलेकींनी ट्रंक उचलली आणि चालत बसस्टँडला गेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खोलीचं दार लावलं आणि पुसलेली फाईल आठवेल तशी पुन्हा लिहून काढली. रंग, कंस, बटण आणि शेवटी ती लाल रंगाची ओळ. मग भाच्याची स्क्रिप्ट आणि नंबरांची फाईल उघडली. सगळे शून्यवाले लालेलाल! स्क्रिप्टमध्ये बंदोबस्त नावालाही नव्हता. शून्यवाल्यांत जितके आठ-नऊवाले, तितके सगळे गैरहजर. ओळ दुरुस्त केली, बटण दाबलं, आणि पोरीचे गुण आले. पहिल्या विसांत होती ती.

सरांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि आधी दार लोटलं. "ह्याची वाच्यता करू नका, मॅडम. यादी लागलीय. आता बदलली तर पालक काय म्हणतील? बाकीच्यांचं पुढच्या वेळी बघू. आणि ती गेलीच आहे, तर जाऊ द्या."

"जाऊ द्या?" मी म्हणाले. "ती गेली नाही सर, तुम्ही हाकललीय." तसाच पदर खोचला आणि रिक्षा केली.

बस लागलेली होती, ट्रंक अजून खाली होती. मी सगळं सांगितलं, चल म्हणाले. आई जागची हलली नाही.

"मॅडम, तुमी चांगल्या हाव," ती म्हणाली. "पण भूकंपात हिला मेली म्हून लिव्हलं व्हतं. एवढुशी व्हती. ढिगाऱ्याखालून हीच वरडली, म्या हाय, म्या हाय म्हून. तवा कुठं काढली. आता हितंबी न्हाई म्हून लिव्हलं. लेकरानं किती येळा वरडायचं, सांगा बरं?"

या अल्लाह! रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

मुलगी मात्र ट्रंकेवरून उठली. "येते म्या," म्हणाली, "पण तो शून्य काढा."

तिघी परत आलो. तिला शेजारी बसवलं आणि तिच्या डोळ्यांदेखत स्क्रिप्ट लिहिली. पैसेवाले, शून्यवाले सगळे एकत्र करायचे, आडनावाच्या क्रमानं लावायचे, आणि एक हजार एकपासून सगळ्यांना सलग नवे नंबर द्यायचे. शेवटी नव्या नंबरांनी खरा निकाल छापायचा. आठ-दहा ओळी, बास. पडद्यावर कुठंही लाल उरलं नाही. "दाब," मी म्हणाले. तिनं बटण दाबलं. प्रिंटर खडखडला आणि मी स्वतः जाऊन जुनी यादी फाडून नवी लावली.

सर धावतच आले, मागे भाचा. मुलगी बोर्डासमोर उभी होती, आई ट्रंकेवर बसलेली. सरांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. आवाज चढवून म्हणाले, "हे काय करून ठेवलं मॅडम? आता फुकटवाले कोण ते कळायचं कसं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती पुढे झाली.

"हजेरी घ्या की, सर," ती म्हणाली. "म्या हाय म्हणते न."